मोठा टीव्ही घेताना पहिला प्रश्न : उजेड येतो कुठून?

२२ सप्टेंबर २०२५ला घटस्थापना होती. त्याच दिवसापासून ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. करापूर्वी ५० हजार किंमत असलेला टीव्ही ६४ हजारांना पडायचा, तो ५९ हजारांना पडू लागला. पाच हजार वाचतायत म्हटल्यावर भिंतीवरचा जुना टीव्ही एकदम लहान दिसायला लागतो. माझ्या मावशीलाही तो तसा दिसला. दोन दुकानं फिरून आली आणि रात्री तिचा फोन आला. "अगं, एक म्हणतो क्यूएलईडी घ्या, दुसरा म्हणतो मिनी-एलईडी. तुझा भाऊ म्हणतो ओएलईडीच घ्यायचा. आपला जुना पण एलईडीच आहे ना? मग यांच्यात फरक काय?"

तिचा प्रश्न अगदी नेमका होता. या चार नावांपैकी तीन सख्खी भावंडं आहेत आणि एकाचं घराणंच निराळं आहे, पण खोक्यावरची नावं वाचून ते कळायला मार्ग नाही. ते कळायचं असेल तर नावं बाजूला ठेवून एकच गोष्ट विचारायची : पडद्यावर दिसणारा उजेड नक्की येतो कुठून?

पिंगुळीच्या बाहुल्या आणि आपला टीव्ही

कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर कलावंत चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ करतात. पुढे पांढरा कपडा, मागे दिवा आणि मधे रंगवलेली बाहुली. दिवा खेळभर जळत असतो. चित्र दिवा तयार करत नाही, ते होतं मधल्या बाहुलीमुळे. कुठे उजेड जाऊ द्यायचा, कुठे अडवायचा, हे ती ठरवते.

आपल्याकडचे बहुतेक टीव्ही याच रीतीने चालतात. त्यांचं खरं नाव एलसीडी. मागे दिवे, त्यांना 'बॅकलाइट' म्हणतात. पुढे द्रव-स्फटिकांचा पातळ थर. हा पदार्थ धड द्रवही नाही आणि धड घनही नाही. १८८८ साली फ्रीड्रिख रायनिट्झर हा ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञ गाजरातून काढलेल्या कोलेस्टेरॉलवर काम करत होता. त्याच्या लक्षात आलं की त्याचा एक पदार्थ दोनदा वितळतो : आधी गढूळ होतो, आणखी तापवला की नितळ होतो. तो मधला गढूळपणा म्हणजे आजच्या टीव्हीची सुरुवात. विजेचा दाब दिला की या द्रवातले रेणू वळतात आणि खिडकीच्या झडपेसारखे उजेड अडवतात किंवा सोडतात.

पडद्यावरचा सगळ्यात लहान ठिपका म्हणजे पिक्सेल. फोर-के टीव्हीत असे ठिपके ३८४० गुणिले २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख असतात. एवढ्या झडपा सतत उघडझाप करत असतात.

मग एलईडी टीव्ही म्हणजे काय? तोही एलसीडीच. आधी मागे बारीक ट्यूबलाइट असायच्या, त्या जाऊन एलईडी दिवे आले आणि दुकानात टीव्हीचंच नाव बदललं. बाहुली तीच राहिली, फक्त मागचा कंदील बदलला.

या पद्धतीची एक जन्मजात अडचण आहे. झडप कितीही घट्ट लावली तरी फटीतून उजेड झिरपतोच. रात्रीचं आकाश काळं दिसायला हवं तिथे ते राखाडी दिसतं. काळा रंग जितका खरा तितकं चित्र खोल वाटतं, म्हणून टीव्हीच्या गुणवत्तेची अर्धी गोष्ट या झिरपण्यातच आहे.

दीपमाळेचं घराणं

आता देवळापुढची दीपमाळ डोळ्यांपुढे आणा. तिथे पडदा नाही, बाहुली नाही. प्रत्येक पणती स्वतः जळते. एक विझवली तर तेवढी जागा पूर्ण अंधारी, आणि शेजारची पणती तशीच तेवत राहते. ओएलईडी टीव्ही असा असतो. त्यातला प्रत्येक पिक्सेल स्वतःचा उजेड स्वतः देतो. मागे दिवाच नाही, त्यामुळे झिरपायला काही नाही. काळं म्हणजे खरंच काळं.

यातला 'ओ' म्हणजे ऑरगॅनिक. शेतीतल्या सेंद्रियाशी त्याचा संबंध नाही, तो कार्बनच्या संयुगांचा. कोडॅक कंपनीतले चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी १९८७ साली अशा पातळ थरांतून कमी दाबाच्या विजेवर चांगला उजेड काढून दाखवला. ५५ इंची ओएलईडी टीव्ही बाजारात यायला २०१३ साल उजाडलं. मोठ्या आकाराचं हे पॅनल करणं फार अवघड असल्याने ते बनवणाऱ्या कंपन्या आजही मोजक्याच आहेत. एलसीडीचे कारखाने मात्र चीनमध्ये भरपूर. किमतीतल्या फरकाचं मोठं कारण हेच.

कडेने बघतानाही ओएलईडी सरस ठरतो. आपल्या हॉलमध्ये एक जण समोर सोफ्यावर, एक बाजूच्या दिवाणावर आणि एक स्वयंपाकघराच्या दारातून बघत असतो. तिघांनाही रंग जवळपास सारखेच दिसतात.

'क्यू' आणि 'ओ' : एका शेपटीचा फरक

इंग्रजीत लिहिलं की या दोन अक्षरांत फक्त एका शेपटीचा फरक दिसतो. मावशीच्या गोंधळाचं मूळ तिथेच होतं.

क्यूएलईडी हा एलसीडीच आहे. त्यात दिव्याच्या आणि झडपांच्या मधे 'क्वांटम डॉट'चा एक थर घातलेला असतो. हे इतके सूक्ष्म कण असतात की त्यांचा रंग त्यांच्या आकारावर ठरतो. बारीक कण हिरवा उजेड देतो, थोडा मोठा कण लाल. या कणांच्या शोधासाठी २०२३ साली मौंगी बावेंडी, लुईस ब्रूस आणि अलेक्सी एकिमोव्ह यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. मागचा दिवा निळा असतो, कण त्यातल्या काही निळ्याचं शुद्ध लाल आणि हिरव्यात रूपांतर करतात, आणि साडीचा राणी रंग गुलाबी न दिसता राणीच दिसतो.

म्हणजे क्यूएलईडीने रंग सुधारतो. पण झडपेच्या फटीतून झिरपणारा उजेड झिरपतच राहतो, काळा रंग त्याने सुधारत नाही. 'क्यूएलईडी आहे, म्हणजे ओएलईडीच्या एक पायरी खाली' असं कोणी सांगितलं तर ते खरं मानू नका. हे दोन वेगळे जिने आहेत.

मिनी-एलईडी : खोलीखोलीला बटण

एका घरात सगळ्या खोल्यांना मिळून एकच बटण आहे असं समजा. दाबलं की सगळीकडे लख्ख. साधा एलईडी टीव्ही असा असतो. खोलीगणिक वेगळं बटण बसवलं की जिथे कोणी नाही तिथला दिवा बंद ठेवता येतो. मागचे दिवे खूप बारीक करून, त्यांचे गट पाडून प्रत्येक गट वेगळा मंद-प्रखर करता आला की तो मिनी-एलईडी. अशा गटाला 'झोन' म्हणतात. आणि दिव्यादिव्याला बटण असेल, तर ते ओएलईडीचं घर.

इथे थोडा हिशेब करूया, कारण विकत घेताना सगळ्यात उपयोगी आकडा हाच आहे. ८३ लाख पिक्सेल आणि ५०० झोन असतील, तर एका झोनवर साडेसोळा हजारांच्या आसपास पिक्सेल येतात. दोन हजार झोन असतील तर चार हजारांच्या थोडे वर. काळ्या पडद्यावर पांढरी श्रेयनामावली येते तेव्हा अक्षरांमागचा अख्खा झोन उजळतो आणि अक्षरांभोवती धुरकट वलय दिसतं. झोन जितके जास्त, वलय तितकं लहान. खोक्यावर मिनी-एलईडी हे नाव ठळक असतं, पण झोनची संख्या बहुधा नसते. ती विचारून घ्या. सांगता आली नाही तर थोडी शंका धरायला हरकत नाही.

तीन-चार नवी नावंही कानावर येतील. आरजीबी मिनी-एलईडीत मागचे दिवेच लाल, हिरवे आणि निळे असतात. रंग आणखी सुधारतात, पण घराणं एलसीडीचंच. क्यूडी-ओएलईडी म्हणजे ओएलईडीच, रंगासाठी क्वांटम डॉट जोडलेला. मायक्रो-एलईडी मात्र खऱ्या अर्थाने दीपमाळेच्या घराण्यातला आहे आणि त्याला कार्बनच्या थरांची झीजही नाही. पण घरगुती बजेटमध्ये तो आज बसतच नाही, म्हणून त्याचा विचार इथेच थांबवते.

मग सरळ ओएलईडीच का घेऊ नये?

माझ्या भावाचा आग्रह हाच होता, आणि रात्री दिवे मालवून सिनेमे बघणाऱ्यासाठी तो बरोबरही आहे. पण मावशीचा हॉल वेगळा आहे. टीव्हीसमोरच बाल्कनीचं सरकतं दार, तेही पश्चिमेला. दुपारी तीननंतर ऊन थेट आत येतं.

अशा खोलीत पडद्यावर खिडकीचं प्रतिबिंब पडतं आणि काळ्या जागेत उजेड भरतो. ओएलईडीने कितीही काळं दाखवलं तरी बाहेरचं ऊन ते राखाडी करून टाकतं. ज्या गुणासाठी जास्त पैसे मोजले, तोच गुण दिवसभर झाकलेला राहतो. शिवाय पूर्ण पडदा एकदम उजळ असेल, म्हणजे दुपारच्या कसोटीतलं उन्हात न्हालेलं मैदान, तर बरेच ओएलईडी आपला प्रखरपणा आपोआप कमी करतात, कारण सगळ्या पणत्या एकदम मोठ्या केल्या तर पॅनल तापतं. इथे मिनी-एलईडीची ताकद दिसते. मागे दमदार दिवे असल्याने तो उन्हाशी टक्कर देऊ शकतो.

म्हणून माझं ठाम मत असं की टीव्हीची जात ठरवण्याआधी आपली खोली दिवसातून तीनदा नीट बघावी : सकाळी, दुपारी, आणि रात्री ट्यूब लावल्यावर. टीव्हीसमोर खिडकी असेल आणि भिंत बदलता येत असेल, तर आधी भिंत बदला. जाड पडद्याचा खर्च टीव्हीच्या वरच्या मॉडेलपेक्षा खूपच कमी असतो.

बातम्यांची लाल पट्टी आणि पडद्यावरचा डाग

ओएलईडीबद्दलची दुसरी शंका 'बर्न-इन'ची, म्हणजे पडद्यावर कायमचा ठसा उरण्याची. भिंतीवरचं कॅलेंडर वर्षांनी काढलं की तिथे एक चौकोन उठून दिसतो, कारण आजूबाजूचा रंग उडालेला असतो आणि झाकलेला तसाच राहिलेला असतो. ओएलईडीत तसंच असमान झिजणं होतं. जे पिक्सेल रोज तासन्‌तास एकच गोष्ट दाखवतात ते शेजाऱ्यांपेक्षा लवकर मंदावतात, आणि मग त्या जागेचा आकार पुसट दिसू लागतो.

वेगवेगळं काहीबाही बघणाऱ्या घरात याची फार धास्ती नको. पण ज्या घरात सकाळी सातला मराठी वृत्तवाहिनी लागते आणि रात्री झोपतानाच बंद होते, तिथे खालची लाल पट्टी आणि कोपऱ्यातलं बोधचिन्ह रोज दहा-बारा तास एकाच जागी असतं. अशा घराला मी ओएलईडी सुचवणार नाही. वॉरंटीत बर्न-इन धरलंय की वगळलंय हेही लेखी बघा. अनेकदा वगळलेलं असतं.

एक गोष्ट दुकानात सहसा कोणी सांगत नाही. बऱ्याच ओएलईडी संचांत काही तासांच्या वापरानंतर, रिमोटने टीव्ही बंद केला की आतल्या आत पिक्सेलची झीज समतोल करण्याचं काम चालतं. त्यासाठी वीज लागते. आपल्याकडे झोपताना भिंतीवरचं बटण बंद करायची सवय असते, आणि ती चांगलीच सवय आहे. पण ओएलईडीचं बटण लगेच बंद केलं तर हे काम अर्धवट राहतं. रिमोटने बंद करून तासभर तरी वीज चालू राहू द्या. पावसाळ्यात ढग गडगडायला लागले तर मात्र प्लगच काढा. विजेच्या झटक्याने गेलेला बोर्ड दोन्ही घराण्यांत सारखाच महाग पडतो.

एलसीडीही अमर नाही. त्याच्या मागच्या दिव्यांच्या पट्ट्या जातात आणि आवाज येतो पण पडदा काळा, अशी तक्रार येते. पट्ट्या बदलता येतात, हा त्यातला दिलासा. पॅनलच गेलं तर कुठल्याही टीव्हीचा दुरुस्तीखर्च नव्या टीव्हीच्या जवळ जातो.

किती इंच?

इंच मोजतात ते कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, तिरके. ५५ इंची पडदा साधारण १२२ सेंटीमीटर रुंद आणि ६८ उंच असतो, ६५ इंची १४४ आणि ८१. नुसता दहा इंचांचा फरक वाटतो, पण क्षेत्रफळ ४० टक्क्यांनी वाढतं. दुकानाच्या भल्या मोठ्या दालनात हे कळत नाही. घरी वर्तमानपत्रं चिकटवून भिंतीवर तेवढा आयत करा आणि एक दिवस तसाच ठेवा.

सिनेमासारखा अनुभव हवा असेल तर पडद्याने नजरेचे साधारण ३० अंश व्यापावेत, असा ढोबळ नियम आहे. त्यासाठी बसण्याचं अंतर इंचांत मोजा आणि १.६ने भागा. आठ फूट, म्हणजे ९६ इंच, भागिले १.६ बरोबर ६०. म्हणजे ५५ किंवा ६५. सात फुटांना ५५ पुरेसा. फक्त मालिका आणि बातम्या असतील तर एक आकार लहान घेतला तरी काही बिघडत नाही. आणि टीव्ही फार वर टांगू नका. पडद्याचा मध्य बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीजवळ, जमिनीपासून साडेतीन-पावणेचार फुटांवर हवा. सुतार नेहमी वर खिळा ठोकायला बघतो, त्याला थांबवा.

आठ-के घेतला तर आणखी स्पष्ट दिसेल का?

नाही. निरोगी डोळ्याला साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाएवढे बारकावे वेगळे ओळखता येतात. त्या हिशेबाने ५५ इंची फोर-के पडद्यावरचा एकेक ठिपका ओळखायला जेमतेम साडेतीन फुटांवर बसावं लागेल. आठ फुटांवरून फोर-केचेच ठिपके दिसत नाहीत, मग आठ-केचे कुठून दिसणार?

उलट अडचण दुसऱ्याच टोकाला आहे. सेट-टॉप बॉक्सवरची साधी, एचडी नसलेली वाहिनी ७२० गुणिले ५७६ ठिपक्यांची असते, म्हणजे सुमारे चार लाख पंधरा हजार. ती ८३ लाखांच्या पडद्यावर पसरायची म्हणजे दर वीस ठिपक्यांपैकी एकाचीच माहिती आलेली असते, उरलेले एकोणीस टीव्ही अंदाजाने भरतो. वाटीभर कालवण वीस जणांत वाढण्यासारखं हे आहे. नव्या मोठ्या टीव्हीवर आवडती मालिका जुन्यापेक्षा धूसर दिसते ती म्हणून. टीव्हीत बिघाड नसतो. मराठी वाहिन्यांच्या एचडी आवृत्त्या पॅकमध्ये घ्या, आणि हा अंदाज नीट करणारा चांगला प्रोसेसर असलेला टीव्ही निवडा. मावशीच्या घरात आठ-केपेक्षा याचा शंभर पटींनी उपयोग झाला.

'एचडीआर' हाही असाच एक शब्द. अंधार आणि उजेड यांतलं अंतर जास्त दाखवणारं चित्र, असा त्याचा अर्थ. स्वस्त टीव्हीवरही तो लिहिलेला असतो, कारण तो टीव्ही असं चित्र घेऊ शकतो. दाखवण्याइतका प्रखरपणा त्याच्यात असेलच असं नाही. प्रखरपणा 'निट' या एककात मोजतात. तो आकडा तीनशेच्या आसपास असेल तर एचडीआर नावापुरताच समजा.

आणि प्रोजेक्टर?

शंभर इंचांचं चित्र कमी पैशांत, हे खरं आहे. पण प्रोजेक्टर उजेड भिंतीवर टाकतो, आणि पांढऱ्या भिंतीपेक्षा काळं काही तो दाखवू शकत नाही. ट्यूब लागली की चित्र फिकं. वेगळी, अंधारी करता येणारी खोली असेल तर जरूर घ्या. हॉलमधल्या रोजच्या टीव्हीला तो पर्याय नाही.

दुकानात उभं राहिल्यावर

तिथे सगळे टीव्ही सर्वांत भडक मोडवर असतात आणि कंपनीचाच व्हिडिओ चालू असतो : पोपट, फळं, काळ्या पार्श्वभूमीवर मध. 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर' मोड लावायला सांगा. आधी पिवळट वाटेल, दोन मिनिटांत डोळा सरावतो. मग नेहमीची वाहिनी लावायला सांगा. पेनड्राइव्हवर घरचा एखादा रात्रीचा व्हिडिओ न्या, ओळखीचे चेहरे असलेला, कारण माणसाच्या कांतीचा चुकलेला रंग डोळा लगेच पकडतो. मग दोन पावलं बाजूला सरका. एलसीडी दोन प्रकारच्या पॅनलचे असतात : 'व्हीए'चा काळा रंग चांगला पण बाजूने रंग उडतात, 'आयपीएस' बाजूने चांगला पण त्याचा काळा रंग फिका. विक्रेत्याला माहीत नसलं तरी ती दोन पावलं सांगतात.

मावशीने शेवटी ५५ इंची मिनी-एलईडी घेतला आणि बाल्कनीला जाड पडदा लावला. भावाने दिवाळीनंतर आपल्या बेडरूममध्ये ४८ इंची ओएलईडी लावला, तोही योग्यच. दोघांनाही मी एकच काम सांगितलं होतं : खोकं उघडतानाचा व्हिडिओ काढायचा, आणि बसवणारा माणूस निघायच्या आत खोलीत अंधार करून पडदा एकदा पूर्ण काळा, एकदा पूर्ण पांढरा करून बघायचा. काळ्यावर कडेने उजेडाचे ओघळ दिसतायत का, पांढऱ्यावर एखादा मेलेला ठिपका दिसतोय का. मावशीच्या पहिल्या टीव्हीत डाव्या कोपऱ्यात असा ओघळ निघाला. माणूस अजून घरातच होता, म्हणून चार दिवसांत बदलून मिळाला.